रुबी: कंस नसले की गोंधळ
नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्यांचा हिशोब रुबी या प्रोग्रामिंग भाषेत लिहायला मजा येते. नावं देवनागरीतही चालतात. खोच वेगळीच आहे. नुसतं ‘भाव’ लिहिलं, तर ते लोकल व्हेरिएबल (तेवढ्यापुरती किंमत ठेवणारं नाव) की मेथड (नावाने बोलवायचं काम), हे पार्सर, म्हणजे कोड वाचून समजून घेणारा भाग, कोड चालण्याआधीच ठरवतो. त्याच मेथडमध्ये आधी ‘भाव =’ दिसलं असेल तर व्हेरिएबल, नाहीतर मेथड. ती ओळ ‘इफ फॉल्स’मुळे, म्हणजे अट खोटी असल्याने, चाललीच नाही तरी व्हेरिएबल तयार, किंमत निल, म्हणजे काहीच नाही! मग ‘भाव * वजन’ केलं की नोमेथडएरर, कारण निलला गुणाकार येत नाही. मेथडच हवी असेल तर ‘भाव()’ लिहा. सगळ्यात जास्त फसवतो तो सेटर, म्हणजे ऑब्जेक्टमधली किंमत बदलणारी मेथड: क्लासच्या (ऑब्जेक्टच्या साच्याच्या) आत ‘भाव = नवा’ म्हटलं की फक्त लोकल बनतो, ऑब्जेक्ट जसाच्या तसा. एररही येत नाही. तिथे ‘सेल्फ.भाव =’ हवंच; सेल्फ म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः. रुबीला पाचातून चार तारे. एक या सेटरपायी कापला.