एक मोठं भिंग की चार किरण? हवेच्या लुकलुकीवर दोन उतारे

किलोमीटरभराची लेझर लिंक (उघड्या हवेतून लेझरच्या किरणावर डेटा पाठवणारी जोडणी) उभी करायची आणि ती भर दुपारी तोंडघशी पडू द्यायची नाही, एवढं ठरलं की निवड बहुतेक दोन रचनांवर येऊन थांबते. पहिलीत लेझर एकच असतो आणि समोर घेणारं भिंग मोठं, २० सेंटीमीटरच्या आसपास. दुसरीत थोड्या थोड्या अंतरावर चार लेझर, चौघांवर तोच डेटा, आणि घेणारं भिंग बेताचं, साडेसात सेंटीमीटरचं. मी दोन्ही चालवल्या आहेत. आता छपरावर दुसरी आहे, पण पहिली उतरवताना जीव थोडा खालीवर झाला होता हेही सांगून टाकतो.

धुकं इथे बाजूला ठेवू. धुकं प्रकाश गिळतं, आणि त्यापुढे दोन्ही रचना सारख्याच हतबल. हवेच्या खळबळीचं वागणं नेमकं उलटं. आकाश निरभ्र, ऊन कडक, जमीन तापलेली, म्हणजे लिंकसाठी आदर्श वाटावा असा दिवस, आणि त्याच दिवशी तापल्या-निवलेल्या हवेच्या पुंजक्यांमुळे अपवर्तनांक (हवा प्रकाशाला किती वाकवते ते) जागोजाग बदलतो आणि किरण थरथरतो. तारे लुकलुकतात तेच हे, फक्त आडवं आणि जमिनीलगत, म्हणून कितीतरी जास्त. सूर्योदयानंतर थोड्या वेळाने आणि सूर्यास्ताच्या थोडं आधी जमीन आणि हवेचं तापमान जुळतं तेव्हा लिंक इतकी शहाण्यासारखी वागते की चाचणी त्याच वेळी घेण्याचा मोह होतो. तो टाळा.

आकड्यांत सांगायचं तर १५५० नॅनोमीटरला, एका किलोमीटरवर, खळबळीचा गुणांक (ज्याला आपण सीएन-वर्ग म्हणतो) दहाच्या उणे चौदाव्या घातावर असेल तर रिटोव्ह विचरण, म्हणजे प्रकाशाच्या चढउताराचं माप, ०.२ च्या आसपास येतं. दुपारी गुणांक दहापट झाला की तेच २. एकच्या वर गेल्यावर ‘सौम्य खळबळ’ धरून मांडलेली सूत्रं जपून वापरावी लागतात. अंतर दुप्पट केलं तर विचरण साडेतीन पटीने वाढतं, आणि १५५० सोडून ८५० नॅनोमीटरला गेलात तर दुप्पट होतं. १५५० की ८५० हा तरंगलांबीचा वाद माझ्यापुरता इथेच मिटला.

आता दोन्ही उताऱ्यांमागचं गणित. या अंतरावर प्रकाशाचे उजळ-काळे डाग साधारण ४ सेंटीमीटरचे असतात. भिंग त्याहून बरंच मोठं असेल तर एका वेळी अनेक डाग आत येतात, उजळ-काळ्याची सरासरी होते आणि चढउतार दबतो. चार किरणांचा हिशेब वेगळा: चौघे डागाच्या आकाराहून लांब-लांब असले, तर चौघेही एकाच क्षणी काळवंडण्याची शक्यता कमी. चारही पूर्ण स्वतंत्र असले तर चढउताराचं विचरण चौथाईवर येतं. प्रत्यक्षात ते तेवढे स्वतंत्र नसतात.

सौम्य खळबळीचं नेहमीचं सूत्र लावलं तर २० सेंटीमीटरचं भिंग चढउतार जवळजवळ ऐंशीव्या हिश्शावर आणतं. साडेसात सेंटीमीटरचं भिंग आणि चार किरण मिळून फार तर चाळिसाव्या हिश्शावर. शिवाय लहान भिंगात प्रकाश सातपट कमी, म्हणजे साडेआठ डेसिबलचा तोटा. चार लेझर प्रत्येकी पूर्ण शक्तीने चालवले तर सहा डेसिबल परत येतात, अडीच तरीही कमीच पडतात. कागदावर मोठं भिंग सरळ सरळ जिंकतं. मीही तेच पाहून घेतलं होतं.

आणि मग दुपारी बारा ते तीन पॅकेट गळायला लागली.

त्रास गळतीपेक्षा वेगळाच होता. मिळणाऱ्या प्रकाशाचा ग्राफ अगदी सपाट होता. सरासरी छान, उतार किरकोळ, डेसिबलची बेगमी भरपूर, तरी डेटा जात होता. मी कनेक्टर बदलले, बैठक आवळली, स्विचवर संशय घेतला, एकदा तर केबलच नवी ओढली. यात काही आठवडे गेले. शेवटी वैतागून डिटेक्टर (प्रकाशाचे विद्युत-संकेत करणारा भाग) काढला आणि त्याच्या जागी, भिंगाच्या नाभीवर, वेगवान कॅमेरा बसवला.

तेव्हा उलगडलं. माझ्या भिंगाचं नाभीय अंतर ५० सेंटीमीटर. शांत हवेत तिथे दहा-एक मायक्रॉनचा ठिपका पडायला हवा. दुपारी तिथे चाळीस मायक्रॉनचा, कडा विस्कटलेला, सतत फुटणारा आणि जुळणारा एक गोळा होता, आणि तो जागच्या जागी नाचत होता. माझ्या डिटेक्टरचा व्यास तेवढाच, ४० मायक्रॉन. प्रकाश भिंगातून आत येत होता, फक्त डिटेक्टरवर पडत नव्हता. ग्राफ देणारा मापक मात्र किरणाचा एक भाग फोडून घेऊन मिलिमीटरभर रुंदीच्या डायोडवर टाकायचा. त्या ऐसपैस डायोडवर गोळा कितीही नाचला तरी आतच राहायचा. मापक खरं सांगत होता, मी त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता.

हिशेबही जुळतो. दहाच्या उणे तेराव्या घाताच्या खळबळीत किलोमीटरभरानंतर फ्राइडची लांबी, म्हणजे जेवढ्या रुंदीत तरंगपृष्ठ जवळजवळ सपाट राहतं ती, दोन सेंटीमीटरवर येते. भिंग त्याच्या दहापट. म्हणजे भिंगाचा प्रत्येक दोन सेंटीमीटरचा तुकडा आपापल्या मर्जीने ठिपका टाकतो. चढउतार दाबण्यासाठी आपण भिंग मोठं केलं, आणि त्याच मोठेपणामुळे तरंगपृष्ठाच्या सगळ्या सुरकुत्या आत घेतल्या. बाहेरची लुकलुक थांबवून ती आत डिटेक्टरपाशी आणून ठेवली.

उपाय होतेच. ठिपका मुद्दाम थोडा धूसर केला तर तो स्थिर वाटतो, पण भिंगाने कमावलेले डेसिबल तिथेच खर्च होतात. हलता आरसा लावला तर नाच आवरतो, फुटणं आवरत नाही. भिंग फ्राइडच्या लांबीच्या तीन-चार पट असेपर्यंतच नुसता आरसा कामाचा, दहापटीला तो अपुरा. अनुकूली प्रकाशिकी (आरशाचा आकार क्षणोक्षणी बदलून सुरकुत्या पुसणं) लावायची तर आरशाला शंभराच्या घरात हलणारे बिंदू हवेत, आणि ते करायला कुणी मला छपरावर पाठवलं नव्हतं. कमी नाभीय अंतराचं मोठं भिंग घेता येतं हे मान्य, पण २० सेंटीमीटर व्यासाला २० सेंटीमीटर नाभीय अंतर म्हटलं की भिंग स्वतःच ठिपका बिघडवायला लागतं.

छोट्या भिंगाची गंमत इथे आहे. साडेसात सेंटीमीटर व्यास, १५ सेंटीमीटर नाभीय अंतर. तीच दुपार, तीच खळबळ, आणि ठिपका १२ मायक्रॉनच्या आसपास. चाळीसच्या डिटेक्टरमध्ये तो नाचून नाचून किती नाचेल? वर दृष्टिक्षेत्रही (डिटेक्टरला दिसणारा कोन) ८० मायक्रोरेडियनवरून २६० च्या पुढे गेलं, त्यामुळे उन्हाने इमारत जराशी कलली तरी चालून जातं. पूर्वी दर काही दिवसांनी रोख पुन्हा जुळवावा लागायचा. आता कधी जुळवला होता ते आठवावं लागतं.

चार किरणांचे त्रास नाहीत असं मुळीच नाही. एकाच घाण्यातले चार लेझर घेतले तर त्यांच्या तरंगलांब्या जवळजवळ सारख्या निघतात, तापमानाबरोबर सरकतात, आणि दोघांच्या अगदी जुळल्या की डिटेक्टरवर त्यांचा ठेका (दोन तरंगांच्या मिसळण्याने होणारा चढउतार) ऐकू येतो, म्हणजे शुद्ध गोंगाट. मी चौघांची तापमानं दहा-दहा अंशांनी वेगळी ठेवली, अंशाला ०.१ नॅनोमीटर धरला तर एकेक नॅनोमीटरचं अंतर पडतं. मग फिल्टर रुंद लागतो आणि आकाशाचा उजेड थोडा जास्त आत येतो. चारही फायबरची लांबीही जुळवावी लागते. सेकंदाला एक अब्ज बिट असतील तर एका बिटात फायबरमधला प्रकाश २० सेंटीमीटर जातो, दोन सेंटीमीटरची चूक खपते. दहापट वेगाला तीच चूक म्हणजे एक अख्खा बिट. तुम्ही तिथे जाणार असाल तर माझं म्हणणं थोडं सावधपणेच घ्या.

मोठं भिंग मी कुणाला सुचवीन? ज्यांचा वेग कमी आहे आणि म्हणून डिटेक्टर मोठा चालतो त्यांना, निःसंकोच. ज्यांना प्रकाशच तुटपुंजा मिळतो त्यांनाही. २०१३ मध्ये नासाने चंद्राभोवतीच्या यानाशी लेझरने बोलणं केलं तेव्हा जमिनीवर प्रकाश घ्यायला ४० सेंटीमीटरच्या चार दुर्बिणी होत्या आणि पाठवायला १५ सेंटीमीटरच्या चार. इतक्या अंतरावर भिंग लहान ठेवणं परवडत नाही, तरीही एकच महाकाय दुर्बीण न घेता त्यांनी चार-चार घेतल्या, एवढं मी स्वतःच्या समाधानासाठी नोंदवून ठेवलं आहे.

कोडिंगबद्दल दोन्हीकडे सारखंच. अंधारी, म्हणजे प्रकाश अचानक मंदावण्याचा काळ, काही मिलिसेकंद टिकते, आणि गिगाबिटला एका मिलिसेकंदात दहा लाख बिट जातात. बिटांची अदलाबदल अंधारीहून लांब पसरवली नाही तर चूक-दुरुस्तीचा कुठलाही कोड आपलं काही करू शकत नाही.

मोठं भिंग आधीच हातात असेल तर लगेच टाकू नका. कडक उन्हाच्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास, नाभीवर कॅमेरा लावून दहा मिनिटं बघा. ठिपका डिटेक्टरच्या वर्तुळात राहत असेल तर तुमचं भिंग माझ्यापेक्षा चांगलं आहे, ते ठेवा.