नाशिक की मार्लबरो?

शनिवारी घोडबंदर रोडला मित्राच्या गॅलरीत सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या उघडल्या. एक नाशिकची, दुसरी न्यूझीलंडच्या मार्लबरोची. मार्लबरोचा वास ग्लास नाकाशी नेण्याआधीच येतो: पॅशनफ्रूट, ताजं कापलेलं गवत. मग जिभेच्या कडांना झिणझिण्या आणणारा आंबटपणा. तिथल्या थंड रात्रींची ही करामत. द्राक्षं सावकाश पिकतात, आम्ल टिकून राहतं. नाशिकची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, उन्हाळा तापायच्या आत. हिच्यात हिरव्या मिरचीचा वास, पेरूची फोड, आंबटपणा मवाळ. नुसती प्यायची तर मार्लबरो सरस, वादच नाही. पण गरम कोथिंबीर वडी आली आणि नाशिकचीच बाटली आधी संपली. शिवाय ती निम्म्याहून कमी पैशांत आली होती. दोन्ही ताज्याच प्या. ठाण्याच्या उकाड्यात तीन वर्षं कपाटात जपलेली माझी एक बाटली शेवटी बेसिनमध्ये ओतावी लागली.