गिट बायसेक्ट वापरून पाहिलं: 'वऱ्हाड'चं 'वर्हाड' नेमकं कुठे झालं

गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर, तर सगळेच वापरतात, पण त्यातलं बायसेक्ट, म्हणजे चूक नेमक्या कोणत्या बदलाने आली ते शोधायची सोय, वापरणारे मला नागपुरात आजपर्यंत बोटावर मोजण्याइतकेच भेटले, म्हणून हा रिव्ह्यू लिहून राहिलो. मी स्वतः आठ वर्षं गिट वापरतो आणि बायसेक्टला खऱ्या कामासाठी पहिल्यांदा हात लावला तो या मे महिन्यात, नवतपा सुरू होता, कूलर फुल्लवर, आणि बग असा की तीन आठवडे चार देशातले लोक त्याच्यावर डोकं लावून बसलेले.

झालं काय, की काटोलकडच्या संत्रा उत्पादकांच्या एका गटासाठी मी आणि माझा मावसभाऊ मिळून एक छोटं हिशोबाचं ॲप सांभाळतो. मृग बहार, आंबिया बहार हे संत्र्याचे दोन हंगाम, कोणाचा किती माल कळमन्याच्या बाजारात गेला, किती पैसे यायचे, एवढंच. पैसे नाही घेत, कोड सगळा उघडा आहे. त्यात लोकांनी टाइप केलेली नावं नीट करायला आम्ही एक ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवलेला तयार कोड, वापरतो, जास्तीच्या स्पेस काढणं, न दिसणारी अक्षरं काढणं, एकच शब्द दोन तऱ्हेने टाइप झाला असेल तर एकसारखा करणं, असं सगळं ती करते. एक दिवस भावाचा फोन आला, "दादा, पावतीवर वऱ्हाडे काकांचं नाव वर्हाडे छापून येऊन राहिलं, ते म्हणतात बँकेत हे चालत नाही, पासबुकात वेगळं आहे." पाहिलं तर वऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे असल्या सगळ्याच आडनावांची तीच गत, आणि वर हेडिंगमधे 'शेतकर्यांसाठी'. विदर्भातल्या माणसाला 'वर्हाड' असं छापलेलं दाखवून पाहा, त्याला जेवण जाणार नाही. मला तर खरंच लाज वाटली, कारण पावती आमच्या ॲपची आणि नाव त्या माणसाचं.

आधी आम्ही फॉन्टवर संशय घेतला, मग प्रिंटरवर, मग भावाच्या मोबाइलच्या कीबोर्डवर. फॉन्ट बदलून झाले, कीबोर्ड बदलून झाले. मग लायब्ररीच्या लोकांना बग कळवला तर तिथल्या सगळ्यात जुन्या मेंटेनरने, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याने, लगेच अंदाज सांगितला की हा झेडडब्ल्यूजेचा प्रकार दिसतो. अंदाज चांगला होता बरं का, उगीच नव्हता. मराठीतला तो अर्धा 'ऱ', वऱ्हाड आणि दऱ्या मधला, दोन तऱ्हेने टाइप होतो. एक म्हणजे ऱ घ्यायचा, म्हणजे युनिकोडमधला ०९३१ नंबरचा, त्याला हलन्त लावायचा आणि पुढे य किंवा ह. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त, आणि मधे झेडडब्ल्यूजे नावाचं एक न दिसणारं अक्षर. आणि ही लायब्ररी न दिसणारी अक्षरं काढूनच टाकते, त्यामुळे संशय तिथेच जाणार. तीन आठवडे सगळे त्याच दिशेने गेले, कोणी म्हणे अमुक फाइल पाहा, कोणी म्हणे माझ्याकडे बरोबर दिसतं, दोन जणांनी पॅचही, म्हणजे दुरुस्तीचा कोडही, पाठवले, आणि पावतीवर वर्हाडे ते वर्हाडेच.

शेवटी मी म्हटलं अंदाज बंद. जानेवारीतली आवृत्ती बरोबर छापत होती हे मला पक्कं माहीत होतं कारण तेव्हाच्या पावत्या भावाकडे फाइलमधे आहेत, आणि आजची चूक छापते हेही समोर आहे. मधे ४३७ कमिट, म्हणजे गिटमधे नोंदवलेले बदल. इथे बायसेक्ट.

ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी, गिट बायसेक्ट स्टार्ट करायचं, आजच्या कमिटला बॅड म्हणायचं, जानेवारीच्या कमिटला गुड म्हणायचं, मग ते तुम्हाला बरोबर मधल्या कमिटवर नेऊन उभं करतं. तिथे तपासायचं, चूक दिसली तर बॅड, नाही दिसली तर गुड, की ते उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग करून त्यांच्या मधे नेतं. डिक्शनरीत शब्द शोधताना आपण मधूनच उघडतो ना, तसंच. ४३७ कमिट म्हणजे नऊ वेळा तपासायचं, आणि हजार असते तरी दहाच वेळा. हे गणित शाळेतलंच आहे पण स्वतःच्या स्क्रीनवर २१८, १०९, ५४ असं उतरताना पाहिलं की छातीवरचं ओझं तसंतसंच उतरतं, मला तरी असंच झालं.

तिसऱ्या थांब्यावर कोड बिल्डच झाला नाही, म्हणजे चालवण्याजोगा तयारच झाला नाही, कोणीतरी अर्धवट काम कमिट केलेलं. अशा वेळी स्किप म्हणायचं, ते बाजूचा कमिट देतं. सहाव्या थांब्यावर मात्र चूक माझी झाली, जुनी कॅश, म्हणजे आधीच्या वेळच्या साठून राहिलेल्या फाइल, साफ न करता तपासलं आणि बॅडच्या जागी गुड देऊन बसलो, दोन थांब्यांनंतर लक्षात आलं की काहीतरी जुळून नाही राहिलं. मला वाटलं आता पहिल्यापासून. पण बायसेक्ट लॉग म्हणून एक कमांड आहे, तिने आतापर्यंतची सगळी उत्तरं ओळीने दिली, ती फाइलमधे घेतली, चुकलेल्या ओळीपासून खालचं खोडलं, रिसेट केलं आणि बायसेक्ट रिप्ले म्हणून तीच फाइल दिली तर बरोबर सहाव्या थांब्यावर पुन्हा आणून उभं केलं. मधे लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी जुनी, तोही बंद पडला. लाइट आल्यावर उघडलं तर बायसेक्ट जिथे होतं तिथेच, कारण ते सगळं रिपॉझिटरीच्याच, म्हणजे कोडच्याच, फोल्डरमधे लिहून ठेवतं. उन्हाळ्यात नागपुरात काम करणाऱ्याला याची किंमत विचारा.

दीड तासात उत्तर आलं. पहिला बॅड कमिट अमुक, आणि त्याचा झेडडब्ल्यूजेशी काही म्हणजे काही संबंध नव्हता! फेब्रुवारीतला कमिट, इंदूरच्या एका मुलाचा, हिंदीतला शोध सुधारायला केलेला, कोडच्या फक्त दोन ओळी. हिंदीत लोक ज़ आणि ज, फ़ आणि फ दोन्ही लिहितात, म्हणून त्याने खालचा नुक्ता, म्हणजे टिंब, काढून टाकायची सोय केली. नुक्ता वेगळा करायला आधी अक्षराचे तुकडे पाडावे लागतात, आणि युनिकोडच्या हिशोबाने आपल्या ऱ चे तुकडे होतात साधा र अधिक नुक्ता. म्हणजे ज़ सोबत ऱ चाही नुक्ता गेला, र उरला, आणि र ला हलन्त लागला की तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसला. वऱ्हाडचं वर्हाड. दऱ्या, म्हणजे डोंगरातल्या, त्यांचा दर्या होऊन समुद्र झाला. मी ती दोन ओळींची डिफ, म्हणजे काय बदललं ते दाखवणारी यादी, बराच वेळ नुसता पाहत बसलो. हिंदीसाठी ते काम बरोबरच होतं, त्या मुलाने टेस्टही लिहिल्या होत्या, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम, पण सगळ्या हिंदीच्या. मराठीत हा ऱ आहे हे त्याला कोण सांगणार होतं, आमच्यापैकी कोणी मराठीची एक टेस्ट तरी टाकली होती का आधी.

आणि मला बायसेक्टबद्दल जे मनापासून सांगायचं आहे ते इथेच आहे. तीन आठवडे आम्ही अनोळखी लोक एकमेकांशी अंदाजाने बोलत होतो, आणि अंदाजाने बोलताना माणूस स्वतःचा अंदाज धरून ठेवतो, आवाज चढतो, "माझ्याकडे तर चालतं" असं तुटक उत्तर येतं. मी त्या रात्री फक्त कमिटचा नंबर, बायसेक्ट लॉग आणि चार ओळींची टेस्ट पाठवली, आणि बोलण्याची जातच बदलली. त्या जुन्या मेंटेनरने पंधरा मिनिटात लिहिलं की माझा अंदाज चुकला, आता दिसलं. इंदूरच्या मुलाने त्याच रात्री हिंदीतून विचारलं की मराठीतले असे अजून शब्द द्या, मी वऱ्हाड, दऱ्या, दर्या, शेतकऱ्यांना, वाऱ्यावर, सुऱ्या असे तीसेक शब्द पाठवले, त्याने ऱ ला वगळून पॅच केला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमधे गेला. कोणी कोणावर बोट ठेवलं नाही. गिट ब्लेम ही पण कमांड आहे, ओळ कोणी लिहिली ते सांगते, पण तिच्यासाठी आधी ओळ कोणती ते माहीत पाहिजे, आणि तेच तर माहीत नव्हतं.

ज्याने अजून पाहिलं नाही त्याने बायसेक्ट रन नक्की पाहा. मी नंतर मुद्दाम तेच सगळं रनने करून पाहिलं. एक छोटी स्क्रिप्ट द्यायची, ती ० परत देईल तर गुड, १ दिला तर बॅड, आणि बिल्डच होत नसेल तर १२५ द्यायचा म्हणजे ते स्वतः स्किप करतं. मला दीड तास लागला होता ते याने सहा मिनिटात केलं आणि कॅशची चूक व्हायचा प्रश्नच नाही कारण साफ करणं स्क्रिप्टमधेच. पुढच्या वेळी मी हाताने करणारच नाही.

आता तक्रारी, कारण आहेत. पहिली म्हणजे गुड आणि बॅड हे शब्द. बग शोधताना ठीक, पण एखादी गोष्ट कधी सुधारली ते शोधायचं असेल तर उलटं बोलावं लागतं आणि डोकं गरगरतं. ओल्ड आणि न्यू वापरता येतं, स्वतःचे शब्दही ठरवता येतात, पण हे बहुतेकांना माहीत नसतं आणि स्टार्ट करताना ते स्वतःहून सांगत नाही. दुसरी, जी टेस्ट कधी पास कधी फेल होते तिच्यासोबत बायसेक्ट वापरू नका, एक उत्तर चुकलं की ते पूर्ण आत्मविश्वासाने भलत्याच कमिटकडे बोट दाखवतं. तिसरी तक्रार बायसेक्टपेक्षा आपल्यावर आहे. पाच दिवसांचं काम एकाच कमिटमधे कोंबणारे जे लोक आहेत त्यांच्या प्रोजेक्टमधे बायसेक्ट शेवटी दोन हजार ओळींच्या ढिगाऱ्यापाशी आणून सोडतं, त्याच्या पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब. इंदूरच्या मुलाचा कमिट दोन ओळींचा होता म्हणून आमचं काम झालं, हे मी त्याला लिहूनही कळवलं.

किंमत शून्य. लिनस टोरवाल्ड्सने २००५ च्या एप्रिलमधे लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट सुरू केलं, त्याच वर्षी जुलैपासून ते जुनिओ हमानो सांभाळतात, जीपीएल या खुल्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, तुमच्या मशीनवर गिट असेल तर बायसेक्टही आहेच, वेगळं काही टाकायचं नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या गुड-बॅडसाठी कापला.

पावत्या जूनच्या पहिल्या आठवड्यात नव्याने छापल्या. भाऊ काटोलला घरोघरी जाऊन जुन्या परत घेऊन आला, आणि वऱ्हाडे काकांनी चष्मा लावून, नावावर बोट फिरवून पाहिलं आणि मगच सही केली, असं त्याने फोनवर सांगितलं. त्या लायब्ररीच्या टेस्टच्या फाइलमधे आता पहिला मराठी शब्द 'वऱ्हाड' आहे.