अंबाडीच्या जागी काय? बर्लिनमधले अकरा महिने

गेल्या जानेवारीत व्हिडिओ कॉलवर सासूबाई जेवत होत्या. ताटात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी तरंगतेय. "तुमच्याकडे काय मिळतं गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पालक. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. त्या 'बरं'मधली कीव मला दोन दिवस पुरली.

मी चिपळूणची, सासर लातूरकडचं, घर बर्लिनच्या नॉयक्योल्न भागात. त्यामुळे एकाच स्वयंपाकघरात अळूची आठवण माझी आणि अंबाडी-चाकवत-करडईची नवऱ्याची. अकरा महिने मी इथे जे जे पान हाताला लागलं ते शिजवून पाहिलं. कोणतं घरात कायमचं राहिलं आणि कोणतं पुन्हा आणायचं नाही, ते लिहून ठेवते.

आधी सामानातून आणायचा विषय संपवू, कारण नवीन आलेला प्रत्येक जण हेच विचारतो. 14 डिसेंबर 2019 पासून युरोपियन युनियनमध्ये प्रवाशाच्या बॅगेतल्या ताज्या पानांना, भाज्यांना, फळांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त पाच फळांना: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. म्हणून मे महिन्यात आई आली ती दोन नारळ घेऊन. अळूची पानं आणि कढीलिंबाच्या डहाळ्या चिपळूणच्या फ्रिजमध्येच राहिल्या. आईचा अजूनही विश्वास नाही. नारळ चालतो आणि पान चालत नाही, हा कुठला न्याय, असं तिचं म्हणणं आहे.

आता अंबाडी. पहिले दोन महिने मी दिसायला जवळची पानं शोधत बसले आणि सगळे प्रयोग फसले. रॉकेट नावाचं सॅलडचं पान कडू निघालं, पालकात लिंबू पिळून केलेली भाजी म्हणजे लिंबू पिळलेला पालकच लागला. मग डोक्यात आलं की अंबाडीतून आपल्याला हवा असतो आंबटपणा, आणि तो पानातच असायला हवा, वरून ओतलेला नको. तिथून मी झाउअरआंफरपर्यंत पोचले. हा आपल्या आंबट चुक्याचा सख्खा भाऊ, दोन्ही रुमेक्स कुळातले. मायबाखउफरला कालव्याकाठी मंगळवारी आणि शुक्रवारी जो तुर्की बाजार भरतो, तिथे वसंतात याच्या जुड्या येतात. त्याच्या तुर्की नावाचा अर्थ कोकराचा कान, आणि पान दिसतंही तसंच.

चुक्याच्या जागी हा डोळे मिटून वापरा. डाळ-चुका, शेंगदाणे घालून केलेली पातळ भाजी, काहीही. शिजला की शेवाळी तपकिरी होतो, घाबरू नका, चुकाही होतोच. पण अंबाडीच्या जागी एकटा घातला तर भाजीचा लगदा होतो. अंबाडीच्या पानाला जो चिवटपणा असतो तो याला नाही, कढईत पडताक्षणी विरघळतो. माझं आता ठरलेलं प्रमाण: दोन भाग मंगोल्डची (बीटच्या जातीतली, जाड देठाची पालेभाजी) पानं देठासकट बारीक चिरून, एक भाग झाउअरआंफर, मूठभर तूरडाळ आणि तांदळाच्या कण्या. मंगोल्डने अंग धरलं जातं, आंबटपणा दुसरा देतो. वरून लसूण, सुकी मिरची, भरपूर तेल. नवरा पहिल्या घासाला गप्प राहिला, हे आमच्याकडे प्रशस्तिपत्रक आहे. लोखंडी कढईत मात्र करू नका, सगळी भाजी धातूसारखी लागते. आणि घरात कुणाला मूतखड्याचा त्रास असेल तर जपून, कारण हा आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा.

हिवाळ्यात ताजा मिळत नाही. तेव्हा रशियन किंवा पोलिश दुकानात जा. त्यांच्याकडे याचंच सूप करतात, म्हणून चिरून खारवलेला झाउअरआंफर काचेच्या बरणीत मिळतो. बरणी उघडून सरळ वरणात, मीठ अजिबात घालायचं नाही. ताज्याची चव नाही, पण थंडीत याच बरणीने माझी अब्रू राखली.

घोळीचं कौतुक करायला मला शब्द कमी पडतात. भारतात असताना मी घोळ कधी विकत घेतली नव्हती, ती आपोआप उगवायची. इथे उन्हाळ्यात तुर्की बाजारात 'सेमिझोतू' म्हणून तिच्या हातभर लांब जुड्या असतात, पानं आपल्यापेक्षा मोठी, देठ जाड. तुर्की बायका ती कच्चीच लसूण-दह्यात कालवतात. मी एकदा तशी केली आणि आता घरात कोशिंबीर म्हणून तीच होते. मुगाची डाळ घालून केलेली भाजी तर थेट गावाकडची. एक फसगत सांगून ठेवते. थंडीत ऑरगॅनिक दुकानात 'विंटरपोर्टुलाक' नावाने जे मिळतं, ती घोळ नाही, वेगळीच वनस्पती आहे. पानं नाजूक, आंबटपणा नाही. सॅलडला बरी, फोडणीला टाकली की नाहीशी.

शेपू म्हणजे डिल, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सुपरमार्केटमधली ती कागदात गुंडाळलेली चिमूटभर काडी घेऊन भाजी करायला जाऊ नका, शिजल्यावर चमचाभर उरते. तुर्की दुकानातल्या मोठ्या चार जुड्या आणल्या की दोघांपुरती होते. वास आपल्या शेपूपेक्षा बराच सौम्य. शेपूप्रेमींची निराशा होईल, पण आमच्याकडे ज्या माणसाने लग्नानंतर नऊ वर्षं शेपूला हात लावला नव्हता तो आता खातो.

चाकवत मी विकत घेतलाच नाही. एका मैत्रिणीने शहराच्या कडेला बागेचा छोटा तुकडा भाड्याने घेतला आहे. जूनमध्ये तिच्या शेजारच्या जर्मन आजी गुडघ्यावर बसून तण उपटत होत्या, आणि त्यांच्या टोपलीत शेंड्याला पांढरी भुकटी असलेला कोवळा, लुसलुशीत चाकवत! मी मागितल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे, मग टोपलीकडे पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात मी ताकातला चाकवत डब्यात घालून नेऊन दिला. त्यांनी चमच्याने चाटून पाहिला आणि म्हणाल्या, युद्धानंतर आमची आई हे पालकासारखं करायची. तेव्हापासून त्या माझ्यासाठी एका कोपऱ्यातलं तण राखून ठेवतात. रस्त्याकडेचा मात्र घेऊ नये, कुत्र्यांचं शहर आहे हे.

अळूने सगळ्यात जास्त रडवलं. वडीसाठी मंगोल्डची पानं घेतली, तर वाफवताना इतकं पाणी सुटलं की उंडे उलगडून बेसनाची पेज झाली. सव्हॉय कोबीचं पान उकळत्या पाण्यातून काढून घेतलं, उंडा छान वळला, पण वासाने कोबीच. शेवटी हाती लागली ती द्राक्षाची पानं, तुर्की दुकानात खारवून बरणीत मिळतात. अर्धा तास गार पाण्यात भिजवायची, दोनदा पाणी बदलायचं, बेसनात मीठ घालायचं नाही आणि चिंचेचा कोळ निम्मा करायचा, कारण पान मुळातच आंबट असतं. एकावर एक चार पानं, पीठ पातळ थापून. अळूवडी नाही, पण तळल्यावर ताटलीत एकही उरत नाही. आणि घसा खवखवण्याची भीती नाही.

फदफद्यासाठी मात्र देठं हवीत. त्यासाठी लिश्टेनबेर्गमधलं डाँग शुआन सेंटर, पूर्व जर्मनीच्या काळात कामाला आलेल्या व्हिएतनामी लोकांमुळे बर्लिनमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे, तिचा हा भलामोठा बाजार. पहिल्यांदा गेले तो मंगळवार, आणि मंगळवारी तो बंद असतो. दुसऱ्यांदा गेले तेव्हा अळूच्या कुळातल्या त्या जाड, सच्छिद्र देठाचं व्हिएतनामी नाव कागदावर लिहून नेलं होतं, 'बाक हा'. दुकानातल्या काकूंनी पुदिना दिला. माझी पाककृती दक्षिण व्हिएतनामची होती. उत्तरेकडे 'बाक हा' म्हणजे पुदिना, आणि इथले बहुतेक लोक उत्तरेकडचे. फोनवर फोटो दाखवल्यावर त्या खो खो हसल्या आणि मागून बरोबर देठं काढून दिली. सोलून, मीठ चोळून, पिळून घेतली की पालक-झाउअरआंफरच्या फदफद्यात अगदी हवी तशी लागतात. तिथेच मायाळू आणि लाल माठही मिळाला, दोन्ही अस्सल, पर्याय वगैरे नाहीत. मायाळूची भजी करून मी त्या काकूंना नेऊन देणार आहे.

एप्रिलमध्ये बर्लिनच्या बागांमध्ये 'वुंडरलाउख' माजतो. मूळचा कॉकेशसकडचा, इथे तण ठरलेला, वास लसूण-पातीचा. सुकं खोबरं आणि शेंगदाणे घालून त्याची चटणी फार सुंदर होते. पण वेचताना एकेक पान बघून घ्या, कारण त्याच सुमारास उगवणारी काही पानं विषारी असतात, आणि चार पानं खुडल्यावर हातालाच लसणाचा वास लागतो, त्यामुळे नाकावर विसंबता येत नाही. पहिल्या वर्षी जाणकाराबरोबरच जा.

राहिली मेथी. गोठवलेली पराठ्यांना ठीक, भाजीला पाणचट. त्यासाठी मी दिव्याखाली भाज्या उगवायचं एक यंत्र घेतलं, कंपनीचं नाव घेत नाही. सोबत आलेल्या तुळशीच्या भावकीतल्या बियांचे कप संपल्यावर नवे कप घ्यायचे तर तेवढ्यात बाजारातून आठ जुड्या येतील. सातव्या महिन्यात अर्धे दिवे गेले, आणि दुरुस्तीची सोय नाही, नवंच घ्या म्हणाले. आता साध्या पसरट ट्रेमध्ये तीन सेंटिमीटर माती, रात्रभर भिजवलेले मेथीदाणे दाट पेरून, वर साधा पांढरा एलईडी दिवा. दहा-बारा दिवसांत मुंबईच्या समुद्रमेथीएवढी होते, मुळापासून कापायची. डिसेंबरात इथे चारच्या आत अंधार पडतो, त्यामुळे दिव्याशिवाय रोपं नुसती उंच आणि फिकट होतात. दोन ट्रे मिळून एक वाटी भाजी, हे गणित आधीच मान्य करून बसा.

हळदीच्या पानांना पर्याय नाही. केळीच्या पानात केलेल्या पातोळ्या मी करून पाहिल्या, त्यांना नुसता वाफेचा वास येतो. मार्चमध्ये ऑरगॅनिक दुकानातलं ओल्या हळदीचं कोंब आलेलं बोट कुंडीत, स्वयंपाकघरातल्या हीटरशेजारी लावलं. मेपर्यंत काहीच नाही, मी कुंडीत दुसरं काही लावायच्या बेतात होते. ऑगस्टअखेर सहा पानं आली, त्यातली दोन टोकाला वाळलेली. गणपतीला त्या सहा पानांत अर्ध्या-अर्ध्या करून बारा पातोळ्या झाल्या. आईच्या नारळांपैकी एक मी किसून गोठवून ठेवला होता, तो यात गेला. आता कुंडी सुकलीय, गड्डा मातीतच आहे, पाणी बंद केलंय.

करडईला अजून काहीही सापडलेलं नाही. सासूबाई दर रविवारी विचारतात.