टोटल लॉस गाडी: दुरुस्त करावी की विकावी?

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांपुढे गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते.

नुकसान बंपर, बॉनेट, दरवाजे, दिवे एवढंच असेल, तर सॅल्व्हेजची (मोडक्या गाडीची) किंमत वजा करून क्लेम घ्या आणि गाडी ठेवा. पिलर (छत पेलणारे खांब) किंवा चासी (गाडीचा सांगाडा) वाकली असेल तर नको. अलाइनमेंट पुन्हा पुन्हा बिघडते, टायर एका बाजूने झिजतात.

गोदाघाटावर पुरात डॅशबोर्डपर्यंत बुडालेली गाडी मात्र विकाच. चुकूनही स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन वाचलं तरी वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज चढतो, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि एअरबॅग मॉड्यूल काही महिन्यांनी दगा देतात.

विकताना मालकी बदलाचे फॉर्म २९, ३० भरून नाशिक आरटीओत आरसी घेणाऱ्याच्या नावावर झाल्याची खात्री करा. गाडी भंगारातच जाणार असेल, तर १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या.