बोलण्यात जुनी, बिलावर शोभेची

२०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात पाहायला ठेवली गेली, तेव्हा रांगेत उभ्या राहिलेल्या असंख्य लोकांत मीही होतो, आणि एखादे जुने शस्त्र आपल्याही घरी असावे ही माझी फार दिवसांची हौस त्या भेटीनंतर पुन्हा उचंबळून आली. त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी मी ‘अठराव्या शतकातील मराठा कट्यार’ म्हणून ३८,००० रुपये मोजून जी वस्तू घेतली, ती अलीकडेच घडवून मुद्दाम जुनी केलेली प्रतिकृती निघाली. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही. तो कसा वागला हे मात्र सविस्तर सांगतो.

आधी फोनवर छायाचित्रे आली. गर्द लाल मखमलीवर ठेवलेली कट्यार, आणि सोबत एक कहाणी: एका सरदार घराण्यात वाड्याची वाटणी झाली आहे, म्हातारे गृहस्थ घरातील वस्तू गुपचूप विकत आहेत, आणि अब्रूचा प्रश्न असल्यामुळे त्यांचे नाव सांगता येणार नाही. प्रत्यक्ष पाहणी झाली ती संध्याकाळी, एका पिवळ्या दिव्याखाली. कट्यारीला तलवारीसारखी मूठ नसते. पात्याच्या दोन्ही बाजूंनी मागे येणाऱ्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामधल्या दोन आडव्या दांड्या अशी तिची रचना असते, त्या दांड्या पकडल्या की पाते बोटांच्या सांध्यांपुढे सरळ रोखले जाते. ही कट्यार माझ्या पंजात अगदी सहज बसली, याचा मला तेव्हा कोण आनंद झाला! जुन्या हिंदुस्थानी शस्त्रांच्या मुठी आजच्या हाताला बहुधा आखूड पडतात, हे मी वाचलेले होते, पण हौसेपुढे ते आठवले नाही.

घरी आणल्यावर आठवडाभराने मी ती एका वयोवृद्ध शिकलगारांकडे धार लावण्यासाठी नव्हे, तर केवळ साफ करून घेण्यासाठी नेली. त्यांनी गोडेतेलात भिजवलेला कापूस पात्यावरून दोनदा फिरवला आणि तो नारिंगी झालेला माझ्यासमोर धरला. जुन्या लोखंडावरचा गंज काळपट तपकिरी असतो, तो खड्ड्यांत घट्ट बसलेला असतो आणि असा भुकटीसारखा हाती येत नाही; हा गंज आम्ल किंवा मिठाचे पाणी लावून काही दिवसांत चढवलेला होता. मग त्यांनी मुठीच्या पट्ट्या पात्याला जिथे मिळतात त्या आतल्या कोपऱ्यात बॅटरीचा उजेड पाडला. तेथे मोहरीएवढे तीन-चार गोल थेंब चिकटलेले होते. “साहेब, हे वेल्डिंगचे शिंतोडे आहेत,” ते म्हणाले, “आणि पातं गाडीच्या कमानपाट्याचं दिसतंय. एवढं एकसारखं जाड पातं हातोड्यानं होत नाही.” पाते बुडापासून टोकापर्यंत खरोखरच एकाच जाडीचे होते. चिलखताच्या कड्या फोडता याव्यात म्हणून कितीतरी जुन्या कट्यारींचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले असते. माझ्या कट्यारीचे टोक पत्र्यासारखे लवचीक होते.

पट्ट्यांवरची सोनेरी वेलबुट्टी, जिच्यामुळे मी किमतीत फारशी घासाघीस केली नव्हती, ती त्यानंतर मी स्वतःच भिंगाखाली धरली. अस्सल कोफ्तगारीत लोखंडावर आधी बारीक उभ्या-आडव्या रेघा खोदून पृष्ठभाग खरबरीत करतात आणि त्यावर सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसवतात, त्यामुळे सोने झिजले तरी खालची ती जाळी दिसत राहते. माझ्या कट्यारीवर सोनेरी रंग उडालेल्या जागी जाळी नव्हती, ग्राइंडरचे समांतर ओरखडे होते. पात्यावरचे जौहर, म्हणजे पोलादावर दिसणारी लाटांसारखी नक्षी, तेही तसेच वरवरचे. खरे जौहर पोलादाच्या अंगातच असते, घासून नाहीसे झाले तरी योग्य आम्ल लावल्यावर पुन्हा उमटते. माझे बारीक पॉलिश कागदाने घासल्यावर गेले ते गेलेच.

प्रतिकृती बनवणे किंवा घेणे यात गैर काही नाही. उदयपूरकडचे कारागीर आजही उत्तम कोफ्तगारी करतात, आणि नवे काम नवे म्हणून विकले तर मी ते आनंदाने घेईन. माझी फसवणूक झाली ती बिलात. त्यावर लिहिले होते, ‘धातूची शोभेची वस्तू, १ नग’. मी विचारले तेव्हा विक्रेता म्हणाला होता, “काका, जुनी लिहिली की कायद्याची कटकट होते, तुम्हालाच त्रास.” मला ते पटले. वस्तुतः १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, म्हणजे कटकट माझी नव्हे, त्याची होती. आणि तो परवाना दाखवा, एवढे एक वाक्य मी बोललो असतो तर सौदा तिथेच मोडला असता. पैसे परत मागितले तेव्हा त्याने शांतपणे उत्तर दिले की आम्ही शोभेची वस्तू विकली, बिल पाहा. पोलीस ठाण्यातही पहिला प्रश्न बिलाचाच आला, आणि ते पुढे करताना माझे मलाच ओशाळे वाटले.

साताऱ्याला आलेली वाघनखे शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री करता आलेली नाही, असे ती जपणारे लंडनचे संग्रहालयच सांगते. माझ्या विक्रेत्याला मात्र शतक, घराणे आणि लढाईसुद्धा ठाऊक होती.

तीन महिन्यांनी एका स्नेह्यांनी त्यांना आलेली छायाचित्रे मला दाखवली. मखमल तीच होती, कट्यारही माझ्या कट्यारीची जुळी बहीण शोभावी अशी, फक्त या खेपेस कहाणी तंजावरची होती. तंजावरच्या राजवाड्यातील शस्त्रागार १८६३ मध्ये इंग्रजांनी मोडीत काढले हे खरेच आहे, त्यामुळे ती ऐकायला माझ्या कहाणीपेक्षा अधिक भारदस्त वाटत होती. किंमत ५५,००० सांगितली होती. मी स्नेह्यांना एवढेच सुचवले की ‘तंजावर, अठरावे शतक’ हे शब्द बिलावर लिहून मागा. त्यांनी तसे कळवल्यावर विक्रेत्याचे उत्तर आले नाही.