रेकॉर्ड प्लेयर दुरुस्ती, सीताबर्डी: बाबांचा आवाज परत आला

बाबांचा रेकॉर्ड प्लेयर सात वर्षं बंद होता, नागपुरात बर्डीच्या (सीताबर्डीच्या) एका गल्लीतल्या छोट्या दुकानात दिला, काकांनी सुई आणि बेल्ट बदलला, 1800 रुपये घेतले आणि घ्यायला गेलो तेव्हा म्हणाले थांबा, ऐकूनच न्या. दोन हप्ते लागले, ते जरा जास्तच वाटले.

घरी पहिली लावली अब्दुल करीम खाँसाहेबांची "पिया बिन नाही आवत चैन", झिंझोटी रागातली ठुमरी. एवढ्या जुन्या रेकॉर्डिंगची खरखर आहेच, पण तो बारीक आवाज वर जाऊन थरथरतो ना, आई स्वयंपाकघरातून येऊन दारातच उभी राहिली, काही बोलली नाही.

मग रात्री रशियन संगीतकार चायकोव्हस्कीची सहावी सिम्फनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना. 1893 मध्ये त्याने स्वतः पहिल्यांदा वाजवून घेतली आणि नऊ दिवसांनी गेला. बहुतेक सिम्फन्या धडाक्यात संपतात, ही शेवटी हळूहळू खाली खाली जाते, फक्त चेलो आणि बास ही खालच्या स्वराची तंतुवाद्यं उरतात आणि तेही विझतात. जुन्या प्लेयरवर हे असे मंद स्वरच सगळ्यात आधी बुडतात बाप्पा, इथे शेवटचा स्वरसुद्धा स्वच्छ ऐकू आला.

पाचपैकी पाच. जुना प्लेयर भंगारात देऊ नका, आधी इथे दाखवा.